घरून शेंगाचटणी विकते, पण घरचा पत्ता सगळीकडे जायला नकोय. काय करता येईल?

जुळेसोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, घरूनच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲप आणि इन्स्टावरून येतात, निम्मं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, थोडं हैदराबाद-बंगळूरचं. फूडचं रजिस्ट्रेशन केलेलं आहे, पाऊचवर नंबर, पत्ता सगळं छापलेलं आहे. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने येतात, एरवी घरात मी, सासूबाई आणि मुलगी.

झालंय असं की मागच्या आठवड्यात रात्री नऊ-साडेनऊला बेल वाजली. बघते तर गेटपाशी एक अनोळखी माणूस, हातात आमचंच रिकामं पाऊच, मोबाईलचा टॉर्च मारून त्यावरचा पत्ता परत परत वाचत होता. म्हणाला मित्राकडे चटणी खाल्ली, दोन किलो द्या. बोलायला व्यवस्थित होता पण माल तयार नाही म्हटल्यावरही हलेना, वाकून आत बघत विचारतो "घरात जेन्ट्स कोणी नाही का?" मी मिस्टर वर आहेत असं सांगून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी इन्स्टावर त्याचाच मेसेज की काल तुमचं घर बघितलं, छान आहे. तेव्हापासून बेल वाजली की धस्स होतंय.

सासूबाईंचं म्हणणं, अगं दारात आलेलं गिऱ्हाईक आहे, पाणी तरी विचारायचं. त्यांचं चुकतंय असं नाही, त्यांच्या काळात तसंच होतं. पण तेव्हा गल्लीतली माणसं यायची, आता पाऊच कुठल्या गावात कुणाच्या हातात पडतंय मला काय माहिती.

विचारायचं एवढंच की पाऊचवरून घरचा पत्ता काढता येतो का? कुरिअरवर काय लिहायचं? गूगल मॅपवर पण घराची पिन आहे, ती कशी काढायची? आणि जिथं तिथं आधारची झेरॉक्स मागतात त्याचं काय करायचं?

---

अक्कलकोटरोड_गाळा

ताई, मी याच धंद्यात आहे, एमआयडीसीत छोटा गाळा आहे, म्हणून आधी पाऊचचं सांगतो. पत्ता काढून टाका असं कुणी सांगितलं तर बिलकुल ऐकू नका. खाण्याच्या पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतोच, फूडच्या लेबलिंगच्या नियमात पण आहे आणि वजनमापवाल्यांच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमात पण. आणि नियम बरोबरच आहे, उद्या कुणाला चटणी बाधली तर त्यानं जायचं कुठं?

पण नियमाला हवाय तो माल जिथं बनतो तिथला पत्ता, तुम्ही झोपता तिथला नाही. तुमचं स्वयंपाकघर घरातच आहे म्हणून दोन्ही एक झालेत. बनवायची जागा बाहेर नेली की पाऊचवर त्या जागेचा पत्ता येतो, घर आपोआप बाजूला. भाड्याचा गाळा लगेच परवडत नाही हे मला माहितीये, पण आपल्याकडं बचत गटांची युनिटं आहेत, भट्टी, कांडप सगळं तयार असतं, काहीजणी आठवड्यातले ठराविक दिवस दुसऱ्याला वापरायला देतात. तिथं बोलून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, फूडचं रजिस्ट्रेशन जागेला असतं, जागा बदलली की त्या जागेचं नवीन करावं लागतं. जुना नंबर तसाच चालवायचा नाही.

आणि तोपर्यंत एक काम आजच करा. पत्त्यात खुणा लिहिल्या असतील तर पुढच्या छपाईत काढून टाका. मारुतीच्या देवळामागं, निळं गेट, पहिला मजला, हे नियमात कुठंच मागितलेलं नाही, आपल्यालाच सवय आहे पाहुण्याला सांगतो तसं लिहायची. घर नंबर, सोसायटी, भाग, शहर, पिनकोड, बास.

---

नवीपेठ_जुना_दुकानदार

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नये. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गेली माझी. गिऱ्हाईक पत्ता बघूनच पैसे टाकतं. ऑनलाइनवर आज आहे उद्या नाही अशी किती दुकानं झाली, लोक फसलेत. पत्ता छापलेला असला की माणसाला वाटतं हां, सोलापुरात या नावाचं कुणीतरी खरंच आहे, चादरी घ्यायला बाहेरगावचे लोक अजून पत्ता शोधत दुकानात येतात. तुम्ही सगळं झाकायला लागलात तर गिऱ्हाईक बिचकेल. त्या एका माणसाला ब्लॉक करा, पाहिजे तर पोलिसांना सांगा, पण धंद्याचा पत्ता झाकू नका असं मला वाटतं.

---

जुळेसोलापूरची_सून

काका, राग नाही. पण तुमचं दुकान रात्री शटर पाडून बंद होतं आणि तुम्ही घरी जाता. माझं शटर म्हणजे माझ्या घराचं दार आहे हो. मला धंदा झाकायचा नाही, फोन नंबर द्यायला, नाव सांगायला, तक्रार आली तर पैसे परत द्यायला मी कधीच मागं हटले नाही.

---

टॅक्सवाला_मित्र

काकांचा मुद्दा आणि ताईंचा मुद्दा दोन्ही बरोबर आहेत, उत्तर गाळावाल्या दादांनी दिलंय तेच, धंद्याला स्वतःचा वेगळा पत्ता पाहिजे. मी सीए ऑफिसमध्ये काम करतो, जीएसटीच्या बाजूनं सांगतो कारण इथं बऱ्याच जणांना माहितीच नसतं. जीएसटी पोर्टलवर कुणाचाही जीएसटी नंबर टाकला की धंद्याची मुख्य जागा म्हणून जो पत्ता दिलाय तो पूर्ण दिसतो, लॉगिन सुद्धा लागत नाही, आणि तो नंबर तर प्रत्येक बिलावर असतोच. म्हणजे घरचा पत्ता देऊन नंबर काढला की तुमचं घर कायमचं उघड्यावर.

ताई, तुम्ही म्हणताय हैदराबाद-बंगळूरला माल जातो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही हे बरोबर, पण राज्याबाहेर माल विकला की ती सूट धरता येत नाही, रक्कम छोटी असली तरी. हस्तकलेच्या वस्तूंना थोडी सवलत आहे पण चटणी त्यात बसत नाही. त्यामुळं नंबर काढलेला नसेल तर आधी एखाद्या सीएला भेटा आणि काढताना घराचा पत्ता देऊ नका. भावाचं, दिराचं दुकान असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि तिथलं लाईटबिल जोडून ती जागा दाखवता येते, पण मग तिथं खरंच थोडाफार कारभार चालला पाहिजे, बोर्ड, कागदपत्रं पाहिजेत. अधिकारी बघायला येऊ शकतात. नुसता कागदावरचा पत्ता देऊन नवीन भानगड करून घेऊ नका.

पुढंमागं मोठ्या शॉपिंग साईटवर माल टाकणार असाल तर तिथं पण हेच. २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणं विकणाऱ्याचं नाव-पत्ता तिथं दाखवावा लागतो.

---

पोस्टातून_रिटायर्ड

पोरी, कुरिअरचं मी सांगतो. पाठवणाऱ्याचा पत्ता पार्सलवर असावाच लागतो, नाहीतर घेणारा सापडला नाही की माल परत कुठं यायचा. पण इथंही तो घराचाच पाहिजे असं नाही. घरून पिकअप घेण्यापेक्षा काउंटरवर नेऊन दे आणि परतीसाठी त्या ब्रँचचा पत्ता चालेल का ते मॅनेजरला विचार, रोजचं गिऱ्हाईक असलं की पुष्कळ ठिकाणी ऐकतात.

पोस्टात पोस्ट बॉक्सची सोय अजून आहे. वर्षाचं भाडं भरायचं, अर्जासोबत तुझी ओळख आणि खरा पत्ता पोस्टाकडं राहतो, बाहेर मात्र फक्त बॉक्स नंबर, गाव आणि पिनकोड. आपल्याकडं तपास हेड पोस्टात कर. पण अडचण पण सांगतो, खाजगी कुरिअरवाला तिथं माल टाकणार नाही, आणि फूड किंवा जीएसटीला तो पत्ता चालणार नाही कारण बॉक्समध्ये चटणी कुटता येत नाही. पत्रव्यवहार, बँकेचं, गिऱ्हाइकांची पत्रं, एवढ्याला चांगला.

आणि आता पोस्टाचा डिजिपिन आलाय २०२५ पासून, म्हणजे जागा दाखवणारा दहा अक्षरांचा कोड. त्यात नाव-गाव काही नसतं म्हणून लोकांना वाटतं हा द्यायला हरकत नाही. पण तो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, म्हणजे सरळ तुझं दार. रुग्णवाहिकेला द्यायला उत्तम, इन्स्टाच्या प्रोफाईलवर टाकायला अजिबात नाही.

अजून एक बोलायचंय. तुझ्याकडं गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत ना? पुष्कळ जणी पार्सलांचा ढीग रचून "आजचं डिस्पॅच" म्हणून स्टेटसला फोटो टाकतात. फोटो मोठा करून बघ, प्रत्येक खोक्यावर नाव, घर, मोबाईल स्वच्छ वाचता येतो. त्यातली कुणी बाई एकटी राहत असेल. मी आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, पत्ता ही पोस्टमनजवळची ठेव असते असं आम्हाला शिकवलं होतं, आता ती तुझ्याजवळ पण आहे.

---

आसराचौक_डिलिव्हरी

काकांचं एकदम खरंय. आमी दिवसभर खोकी घेऊन फिरूलालोय, बगतो ना, लोक खोकं जसंच्या तसं कचऱ्यात फेकतेत, लेबलवर पूर्ण कुंडली. ताई लेबल फाडून मगच टाकत जावा, तुमच्या गिऱ्हाइकाला पण सांगा. आनि लोकल ऑर्डरवाल्याला घरी बोलवूच नका की ओ. चौकातल्या ओळखीच्या किराणावाल्याकडं ठेवा, आमच्या इकडं एक मावशी तसंच करते, दुकानदाराला पाकिटामागं थोडं सुटतंय, मावशीच्या दारात कोन येत नाही.

---

मॅप_दुरुस्त_करणारी

ताई, मी गूगल मॅपवर दुकानांची माहिती दुरुस्त करायचं काम बरेच दिवस करतेय. तुमचं बिझनेस प्रोफाईल तुम्ही स्वतः बनवलेलं असेल तर त्यात लोकेशनमध्ये जाऊन गिऱ्हाइकांना पत्ता दाखवायचं बटण बंद करा आणि त्याऐवजी सर्व्हिस एरिया टाका, सोलापूर शहर एवढंच. प्रोफाईल, रिव्ह्यू, फोन सगळं राहतं, पिन जाते. कुणी तिसऱ्यानंच पिन टाकली असेल तर "सजेस्ट ॲन एडिट" मधून खाजगी घर आहे म्हणून कळवा, आणि एकदा कळवून झालं नाही तर परत परत कळवा. रिव्ह्यूमध्ये कुणी तुमच्या गेटचा फोटो टाकलाय का तेही बघा, असला तर रिपोर्ट करा. व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाईलमध्ये पत्त्याचा रकाना असतो, तो रिकामा ठेवला तरी चालतो.

गूगलवर नाव टाकून शोधल्यावर एखाद्या डिरेक्टरी साईटवर घरचा पत्ता दिसत असेल तर २०२२ पासून गूगलला तो निकाल काढायची विनंती करता येते, फॉर्म आहे. साईटवरून तो जात नाही, फक्त शोधात यायचा थांबतो, साईटवाल्याला वेगळं मेल करावं लागतं.

फोटोचं पण बघा. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आत जागेची नोंद बसते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. लोकेशन कॅमेऱ्यापुरतं बंदच करून टाका.

आधारबद्दल एक मोठा गैरसमज आहे. मास्क्ड आधार म्हणजे नंबरातले पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. पत्ता झाकला जात नाही! लोक मास्क्ड काढून निर्धास्त होतात. समोरच्याला नुसती ओळख पाहिजे असेल तर पॅन दाखवा, त्यावर पत्ताच नसतो. आधारच पाहिजे म्हटले तर विचारा पत्ता कशाला लागतो, नसेल लागत तर पुढच्याच बाजूची झेरॉक्स द्या आणि त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून टाका.

सगळंच बंद होईल असं मात्र नाही. मतदार यादी सगळ्यांना बघायला खुली असते, नाव, वय, घर क्रमांक त्यात असतोच. पण ती उघडून शोधत बसायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, आणि पाऊच हातात धरून गेटपर्यंत येणं फारच सोपं आहे.

त्या माणसाचा मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा. एकदाच "मला मेसेज करू नका, घरी येऊ नका" असं स्पष्ट लिहा आणि मग ब्लॉक करा. नको सांगूनही बाईच्या मागं लागणं, परत परत संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही नको म्हटल्याचं लेखी असलं की पोलिसात सांगताना फार उपयोग होतो. परत गेटवर आला तर वाट बघू नका, सरळ ११२.

---

जुळेसोलापूरची_सून

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्रीच मॅपवरचा पत्ता बंद केला, त्या माणसाला लिहून ब्लॉक केलं, स्क्रीनशॉट मिस्टरांना पण पाठवून ठेवले. पोस्टातल्या काकांनी सांगितल्यावर जुने सगळे स्टेटस-हायलाईट उघडून बघितले आणि लेबल दिसणारे फोटो काढून टाकले. शेजारच्या बचत गटातल्या ताईंशी बोलले, मंगळवार-शुक्रवार दुपारी जागा मोकळी असते म्हणाल्या, भाडं ठरायचंय.

आता एकच प्रश्न राहिला. घरच्या पत्त्याची छापलेली पाऊचं अजून बरीच शिल्लक आहेत. नवीन जागेचं रजिस्ट्रेशन झालं की त्यावर नवीन पत्त्याचं स्टिकर चिकटवलं तर चालेल का? टाकून द्यायची म्हणजे जीवावर येतं.

---

अक्कलकोटरोड_गाळा

नाही चालणार ताई. छापलेली माहिती बदलायला वरून स्टिकर लावायचं नाही, वजनमापवाले यावरच पकडतात. फक्त एमआरपी कमी करायची असेल तर स्टिकरची मुभा आहे. तुम्ही असं करा, नवीन जागा सुरू व्हायच्या आधी घरी बनवलेला माल त्या पाऊचमध्ये संपवा आणि तो तेवढा ओळखीच्या घरांतच द्या, बाहेरगावी नको. उरतील ती कात्री मारून टाका, रद्दीत अख्खी देऊ नका. नवीन पाऊच पहिल्या वेळी कमीत कमी छापून घ्या, रेट जास्त लागला तरी. छपाईला द्यायच्या आधी मजकूर इथं टाका, मी बघून सांगतो. पत्त्याची ओळ तेवढी झाकून टाका.