मदत हवी आहे: दोन फुटी नवीन टाकी, रविवारी मासे सोडायचे आहेत

धागाकर्ता:
टाकी 24 × 12 × 15 इंच. तळाला दोन इंच धुतलेली वाळू, एक स्पंज फिल्टर, एअर पंप. पाणी महापालिकेचं, एक दिवस बादल्यांत उघडं ठेवून मग भरलं. फिल्टर चार दिवस अखंड चालू आहे. टेस्ट किटवर अमोनिया 0, नायट्राइट 0, पीएच (पाणी किती आम्ल-अल्कली आहे ते सांगणारा आकडा) 7.4, तापमान 27 अंश. काल पाणी लख्ख होतं, आज किंचित दुधाळ दिसतंय. रविवारी 2 गोल्डफिश, 6 गप्पी, 6 निऑन टेट्रा आणि 1 सकर (काच-तळ चाटत राहणारा मासा) आणायचा बेत आहे. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून सोडलं की झालं, असं दुकानात सांगितलंय. एवढं पुरेसं आहे का?

काचपेटी:
रविवारी आणू नका. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण हा शून्य फसवा आहे. टाकीत मासाच नाही, खाणंही पडलेलं नाही, मग अमोनिया येणार कुठून? मासे सोडले की श्वासातून आणि विष्ठेतून तो तयार व्हायला लागतो. तो खाणारे जीवाणू तुमच्या स्पंजवर अजून वसलेले नाहीत. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट बराच सौम्य. दोन्ही जाती पुरेशा वाढायला 26-28 अंशांत साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नवीन टाकीत पाचव्या-सातव्या दिवशी मासे पटापट मरतात ते बहुतेकदा यामुळेच, पिशवीतून सोडताना चुकलं म्हणून नव्हे.

दुधाळपणा म्हणजे पाण्यात मोकळे वाढलेले वेगळे जीवाणू. आपोआप निवळतो. त्यासाठी पाणी उपसू नका, फिल्टर धुऊ नका.

आता माशांशिवाय टाकी तयार करायची पद्धत: जीवाणूंना खायला अमोनिया आपणच बाहेरून घालायचा. वाळू आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा करता तुमच्याकडे साधारण 55 लिटर पाणी आहे. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, पण कल्हईवाल्यांचा बाजारू घेऊ नका, प्रयोगशाळेसाठीचा शुद्ध घ्या. 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून, नाव लिहून ठेवा. त्यातले 35 मिली टाकीत घातले की अमोनिया साधारण 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) होतो. एक दिवसाआड मोजा. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढतो, आणि तो बरेच दिवस वरच अडकून राहतो. इथे धीर सोडू नका. अमोनिया 0.5च्या खाली गेल्यावरच पुढचा डोस. 35 मिली घातल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की तो शून्य खरा. मग 70-80 टक्के पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा.

एक अडचण येऊ शकते. धरणाचं पाणी मऊ असलं तर या प्रक्रियेत पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली सगळं जवळपास ठप्प होतं. तसं झालं तर अर्धा छोटा चमचा खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला.

शेवाळ:
वरच्याशी सहमत. माशांच्या यादीबद्दल बोलतो. गोल्डफिश थंड पाण्यातला, भरपूर घाण करणारा आणि वीतभर वाढणारा मासा. या टाकीत नकोच. सकर फुटाच्या वर जातो. मग लोक तो नदीत किंवा तलावात सोडून देतात, आणि तिथल्या माशांना व मच्छीमारांना त्याचा भयंकर त्रास होतो. कृपया घेऊच नका. निऑन नव्या टाकीत टिकत नाहीत, त्यांना दोन-तीन महिने थांबवा. सुरुवातीला 5-6 नर गप्पी. मादी घेतलीत तर दोन महिन्यांत मोजदाद राहणार नाही.

आता पिशवी. अर्धा तास तरंगवून फक्त तापमान जुळतं, पीएच आणि क्षार जुळत नाहीत. जवळच्या दुकानातून आणलं असेल तर टाकीचा दिवा बंद करा, बंद पिशवी 15-20 मिनिटं तरंगत ठेवा. मग तोंड उघडून कडा बाहेर दुमडा, म्हणजे गोल कडं होऊन पिशवी उभी तरंगते. दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचं पाणी आत घाला. पिशवीतलं पाणी दुप्पट झालं की मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीचं पाणी टाकीत एक थेंबही नको, त्यातून दुकानातले रोग येतात.

कुरिअरने आलेल्या, सात-आठ तासांच्या पिशवीला मात्र हीच पद्धत घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एकाने वाढला तर त्याचा विषारी भाग सुमारे दसपट होतो. अशी पिशवी न उघडता तापमान जुळवा, मग उघडल्या उघडल्या मासे जाळीत घेऊन टाकीत.

पहिला दिवस खाणं नको, दिवाही नको. रंग फिका पडणं, कोपऱ्यात दडणं साहजिक आहे. वर येऊन तोंड उघडझाप करणं, कल्ले लाल होणं, पंख मिटून राहणं ही मात्र धोक्याची खूण. लगेच मोजा. अमोनिया-नायट्राइट मिळून 0.5च्या वर गेलं तर त्याच दिवशी क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने निम्मं पाणी बदला. नायट्राइट असेल तर लिटरला 1 ग्रॅम साधं मीठही घाला. त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

धागाकर्ता:
खूप आभार. बेत रद्द. मित्राकडे दोन वर्षं जुनी टाकी आहे, तो त्याचा स्पंज द्यायला तयार आहे. उपयोग होईल?

काचपेटी:
होईल तर! सहा आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. आधी त्याच्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नाहीत ना, ते नीट पाहा. ठिपके असतील तर स्पंज घेऊ नका. ठीक असेल तर त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, तासाभरात तुमच्या फिल्टरशेजारी लावा आणि हवा सुरू करा. कितीही मळकट दिसला तरी नळाखाली धरायचा नाही, क्लोरीनने जीवाणू मरतील. पुढेही स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा. हवा काही तास बंद राहिली तर स्पंजवरचे जीवाणू गुदमरतात.

स्पंज लावल्यावर नवसागराचं पाणी 20 मिली घाला, अमोनिया 1 पीपीएमच्या आसपास येईल. 24 तासांनी दोन्ही आकडे इथे लिहा, मग पुढचा डोस सांगतो.