सासूबाई, दोन पोरं आणि अख्खं कोकण सहा दिवसांत, जमेल का?

सोलापूरकरीण
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे. समुद्र म्हणजे मी गणपतीपुळ्याला कॉलेजच्या ट्रिपमध्ये बघितलेला तेवढाच. ह्या वर्षी ठरवलंय की सहा दिवस काढायचे आणि कोकण नीट बघायचं. मी, नवरा, मुलगा (११), मुलगी (७) आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात, बोटीचं नाव काढलं की रामरक्षा सुरू होते, वर पूर्ण शाकाहारी. गाडी आमचीच.

आता प्रत्येकाची फर्माईश वेगळी. मुलाला जंजिरा आणि सिंधुदुर्ग दोन्ही बघायचेत. मुलीला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायचीत, युट्यूबवर एक व्हिडिओ बघितल्यापासून डोकं खाल्लंय नुसतं. नवऱ्याला स्कुबा. मला एखादं जंगल, कारण आमच्याकडे माळढोक अभयारण्य आहे पण त्यात सावली शोधावी लागते. सासूबाई म्हणतात मला कुठंतरी शांत बसू द्या म्हणजे झालं.

नवऱ्याने मॅपवर अलिबाग, मुरूड, वेळास, गणपतीपुळे, मालवण अशी सरळ रेघ मारलीय आणि म्हणतोय होतंय की आरामात. नाताळची सुट्टी नाहीतर एप्रिल, परीक्षा झाल्यावर. होईल का हो?

खाडीपल्याड
ताई, मिस्टरांना सांगा कोकणात सरळ रेघ नसते. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर खाडी आडवी येते, समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने जायचं तर दोन तास वळसा. त्यासाठी जंगलजेटी आहे, गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. मुरूडहून आलात की आगरदांडा–दिघी, मग श्रीवर्धनवरून बागमांडला–वेश्वी, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ–धोपावे, गुहागर आणि शेवटी तवसाळ–जयगड. मी हे सगळं केलंय, अतिशय सुंदर आहे, पण मला एवढ्यालाच पाच दिवस लागले आणि तेव्हा मी एकटा होतो, बाइकवर. सासूबाई आणि दोन पोरं घेऊन वर मालवण म्हणजे तुम्ही कोकण नाही, फक्त डांबर बघाल.

दुसरं म्हणजे नाताळचा आठवडा नको. अख्खी मुंबई-पुणे त्याच आठवड्यात खाली उतरते, जेटीला गाड्यांची शेपटी लागते आणि जेवायला टोकन घेऊन बसायला लागतं.

आणि कासवं डिसेंबरात नाहीत!! मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला किनाऱ्यावर येते, पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना ते दोन महिने लागतात, म्हणजे खरा सीझन फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम उभं केलं. घरटी जाळीच्या कुंपणात हलवतात, सकाळ-संध्याकाळ टोपली उघडून बघतात, पिल्लं असली तर दोरीमागे उभं राहून बघायचं, नसली तर आपलं नशीब. मी एकदा दोन दिवस राहून तीनदा नुसती रिकामी टोपली बघून आलोय, लेकीला हे आधीच सांगून ठेवा.

पाऊणपट
वरच्यांशी सहमत. मी अलिबागचा, म्हणून भरती-ओहोटीचं सांगतो, ते ट्रॅव्हलवाले कधी सांगत नाहीत.

आमच्याकडची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. त्यात सहा तास मिळवा, सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण कालनिर्णय खिशात असलं की काम भागतं. अजून एक, पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी वर पण खूप येतं आणि आत पण लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड येत नाही धड जात नाही. त्यामुळे अलिबागसमोर समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर तृतीया-चतुर्थीची सकाळ बेस्ट.

आता स्वतःची फजिती सांगतो. पुण्याचे मेव्हणे आलेले, पंचमी होती, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमाराला. कोरड्या वाळूतून चप्पल हातात घेऊन आत गेलो, गणपतीचं देऊळ बघितलं, गोड्या पाण्याची विहीर बघितली, मेव्हण्यांनी तोफांसोबत फोटो काढले, मग अजून एक फोटो, मग अजून एक. मी अलिबागचा असून घड्याळ बघितलं नाही ही माझीच चूक. एक वाजता दरवाज्यात आलो तर मधे पाणी. मेव्हणे म्हणाले गुडघाभर तर आहे, चला. मधोमध कंबरेला लागलं आणि खाली ओढ अशी की पाय ठरेना. मागून टांगेवाला ओरडत आला, घोड्याच्या पोटाला पाणी लागलेलं, त्याने आम्हाला शिव्या घालत वर ओढलं आणि तिप्पट पैसे घेतले, मी एक शब्द बोललो नाही.

गाबताचो_पोर
ताईनू, मी मालवणचो. पयली गोष्ट सांगतंय, सोलापुरासून येतास तर अलिबाग कित्याक? कोल्हापुरासून खाली उतारलास की आमचो दर्यो समोरच आसा.

बरं, सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो. पहिल्या दिवशी कोल्हापूर मुक्काम. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवली, तिथून मालवण. ह्यात तुमचं जंगल पण झालं. राधानगरी हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, १९५८चं, गव्यांसाठी राखलेलं. सकाळी लवकर निघालात तर गवा रस्त्याच्या कडेलासुद्धा उभा दिसतो, फक्त गाडीतून उतरून सेल्फी काढायला जाऊ नका, तो म्हशीसारखा दिसतो पण म्हैस नाही.

किल्ल्याचं म्हणाल तर मुलाला सांगा जंजिरा नंतर कधीतरी. उलट गोष्टच अशी सांगा की जंजिरा सिद्दीकडून हातात येत नव्हता, म्हणून महाराजांनी मालवणसमोर कुरटे बेटावर स्वतःचा किल्ला बांधला. २५ नोव्हेंबर १६६४ला मुहूर्त आणि १६६७ला काम पुरं, पायाच्या दगडांत शिसं ओतून. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या तीन विहिरी. चारी बाजूला खारं पाणी आणि आत गोडं, पोराला तिथलं पाणी पाजाच. सासूबाईंना आत फारसा चढ नाही, तटावर चढायचं नाही एवढंच. त्रास होतो तो होडीत चढता-उतरताना, पण तिथले पोरगे हात धरतात, सवय आहे त्यांना. धक्क्यावर सकाळी आठ-नऊलाच जा. अकरानंतर वारो सुटता, होडी डुलायला लागते आणि तुमच्या सासूबाईंची रामरक्षा मारुतीस्तोत्रावर जाईल.

स्कुबाबद्दल थोडं चिडून लिहितोय, राग मानू नका. मालवणचा हा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटर, बोर्ड लावलेत पण वाचतो कोण. काही जण पर्यटकाच्या हातात पाव देतात, मासे भोवती जमले की व्हिडिओ मस्त येतो. मिस्टरांना सांगा पाव घ्यायचा नाही आणि खाली प्रवाळावर पाय टेकायचा नाही, ते दगड नाहीत, जिवंत आहेत. सर्दी, दमा, कानाचा त्रास असेल तर उतरूच नका. आणि "डॉल्फिन गॅरंटी" असा बोर्ड दिसला की पुढे चला, डॉल्फिन काय कोणाच्या पगारावर नाहीत.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे सुनामी आयलंड म्हणून वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला उघडा पडतो. अलिबागच्या दादांचा पाऊणपट हिशोब इथे पण चालतो, भरतीला गेलात तर नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहून परत याल.

शाकाहारीचं टेन्शन नको. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. फक्त घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवा, आणि भांडी वेगळी हवी असतील तर तेही.

शंकेखोर
मालवणात असाल तर अर्धा दिवस काढून विजयदुर्ग करा, तिथे होडी लागत नाही, सासूबाई खूश. वाटेत कुणकेश्वर. शिलाहार भोज राजाने बांधलेला मूळ किल्ला, नंतर आंग्र्यांचं आरमार, १७५६ला इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला (आपणच आपलं आरमार जाळायला मदत केली, असो).

तिथे गाइड तुम्हाला साहेबाचे ओटे म्हणजे दगडी चौथरे दाखवून सांगेल की लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यग्रहणात इथून बघून हेलियमचा शोध लावला. मुलाने शाळेत जाऊन तसंच लिहू नये म्हणून सांगतो. ग्रहण १८ ऑगस्ट १८६८चं, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशात हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना.

गाबताचो_पोर
शंकेखोरांनू, तुमी आमचो हेलियम पण घेतलास?

शंकेखोर
हापूस ठेवलाय की तुम्हाला. :-)

सोलापूरकरीण
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला वाचायला दिलं, पाऊणपट दादांचा टांग्याचा किस्सा वाचून तो गप्प झाला, रेघ रद्द. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातोय, शाळेला दांडी. पण मुलीचं काय करू? कासव नाही म्हटलं तर जेवली नाही काल.

खाडीपल्याड
मार्चमध्ये शनिवार-रविवार जोडून फक्त तेवढ्यासाठी या. आणि वेळासपर्यंत यायची पण गरज नाही, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला पण कासवांची घरटी सांभाळतात, तुम्हाला ते जवळ पडेल. मुक्काम वेंगुर्ल्यात करा, निवांत बंदर आहे, १६३७ साली डचांनी तिथे वखार घातली होती, आता पडक्या भिंती आणि झाडं आहेत.

आणि कुठल्याही परिस्थितीत मेअखेरीचा विचार करू नका. तेव्हापासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याच्या होड्या, स्कुबा सगळं बंद असतं, दरवर्षी कोणीतरी जूनमध्ये येऊन धक्क्यावर भांडतं.

सोलापूरकरीण (तीन महिन्यांनी)
जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आल्यावर धुणंच आठवडाभर पुरलं.

दाजीपूरला गवा दिसला, एकच, पाठमोरा, पण दिसला. सिंधुदुर्गाला सकाळी साडेआठच्या होडीने गेलो, समुद्र अगदी ताटातल्या पाण्यासारखा. मुलाने तिन्ही विहिरींचं पाणी पिऊन बघितलं आणि निकाल दिला की तिन्ही सारखीच लागतात. नवऱ्याची स्कुबा झाली नाही, आदल्या दिवशी आइस्क्रीम खाऊन सर्दी झाली, गाबताचो पोर दादांचं वाचलं असल्यामुळे मीच जाऊ दिलं नाही, अजून फुगलाय. सुनामी आयलंडला अष्टमीला गेलो, दुपारी बाराला ओहोटी बरोब्बर, पट्टा उघडा होता पण ऊन असं की वाळूवर पाय ठेववेना, त्यापेक्षा चतुर्थीला जायला हवं होतं. विजयदुर्गला गाइडने हेलियम सांगायला सुरुवात केली तर आमचा चिरंजीव मध्येच "ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये" म्हणाला. गाइडने नंतर आमच्याकडे बघितलंच नाही.

खरी गंमत सासूबाईंची. किल्ल्याच्या होडीत त्या आल्याच नाहीत, धक्क्यावरच बसल्या. पण चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली. वीस-पंचवीस माणसं दोन टोकांना दोरी कंबरेला लावून मागे मागे चालत होती, एक म्हातारी कोणीतरी सासूबाईंना म्हणाली, "बसलास काय, हात लावा." आणि आमच्या सासूबाई, ज्यांना जिना चढताना आम्ही दोघं लागतो, पदर खोचून दोरीला! अर्धा तास. जाळं वर आलं तेव्हा आत नुसती चंदेरी तडफड, तारल्या, पेडवे, एक मोठा खेकडा, आणि मुलगी ओरडतेय आजी सोडू नको सोडू नको. मग वाटे पडले, आणि ज्यांनी दोरी ओढली त्यांना वाटा मिळतो म्हणून त्या म्हातारीने सासूबाईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली, दीड-दोन किलो तारल्या, अजून हलत होत्या.

जन्मात मासा न शिवलेल्या बाई. नाही म्हणता येईना, धरवेना. ती पिशवी हात लांब करून अख्ख्या वाडीतून चालत आणली आणि खानावळवाल्या काकूंना दिली. काकूंनी त्या बदल्यात आम्हाला दोन नारळ आणि बरणीभर आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, दिलं. आता सोलापुरात दर रविवारी सोलकढी होते, आणि "माझ्या वाट्याची आहे" असं म्हणून सासूबाई पहिला पेला स्वतः घेतात.

मार्चला वायंगणी नक्की. तिथीचं कुणी बघून देणार का?

पाऊणपट
कासवाला तिथी लागत नाही हो ताई, ती रिकाम्या टोपलीची तयारी ठेवून जा. तारखा कळवा, भरतीचं बघून देतो.