लेक दिवसभर कुत्रा बनून फिरते, यातून काही शिकवता येईल का?

कर्वेनगरची_आई:
लेक साडेपाच वर्षांची आहे आणि सुट्टी लागल्यापासून ती कुत्रा झालीये. हाक मारली की भुंकते, पोळी खाली ताटलीतच हवी. त्याचं काही नाही हो, पण परवा सोसायटीतली कुत्री पिल्लांपाशी बसली होती आणि ही जाऊन सरळ तिच्या गळ्यात पडली. ती गुरगुरली, मी ओढलं, नशीब म्हणायचं. विचारलं तर म्हणे "पण ती शेपटी हलवत होती ना!" खेळ बंद नाही करायचाय मला, पण पुस्तक काढलं की पळते. मग सांगायचं कसं?

पाषाणकर_बाबा:
तुम्हीपण कुत्रा व्हा. सिरीयसली. कमरेला मागे ओढणी खोचा, ती शेपटी. सैल, मोठी हलली तर मूड बरा, ताठ वर करून बारीक झटके दिले तर सावध, पायात दडपली तर घाबरलाय. पुढचे पाय पसरून बूड वर केलं तर खेळायला चल. आणि मान फिरवली, उगाच जांभई दिली, ओठ चाटले की लांब हो बाई. जवळ यायचं का नाही ते तिनं ओळखायचं, चुकली की तुम्ही गुरगुरायचं. माझा मुलगा दोन दिवसांत पक्का झाला, माझे गुडघे गेले ते वेगळं.

नुसतंच_वाचणारा:
नुसत्या शेपटीवर जाऊ नका, कान, डोळे, अंग आखडलंय का, सगळं बघायला शिकवा. खाताना, झोपलेला आणि पिल्लं असतील तर खेळातसुद्धा हात लावायचा नाही. आणि कधी दात लागलाच तर हळद-चुना न लावता साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर. घाबरवत नाहीये, पण रेबीज झाल्यावर उपाय नाही.

पार्किंगवाली_ताई:
आमच्याकडे लाइट गेले की आंधळी कोशिंबीर, पण वटवाघळाची. डोळे बांधलेला "टिक" म्हणणार, बाकीचे पतंग (उडणारे किडे), त्यांनी लगेच "टिक" म्हणायचंच, तो त्यांचा प्रतिध्वनी. वटवाघूळ भराभर टिक टिक करायला लागलं की सापडतात, खरं वटवाघूळही भक्ष्याजवळ गेलं की असंच आवाजाचा वेग वाढवतं. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो (बुधवारी बंद असतं, आम्ही एकदा गेटवरून परत आलोय) तेव्हापासून साप चालूय. फरशीवर हनुवटी टेकून पडायचं, डोळे मिटून, आणि कोण चालतंय ते ओळखायचं. सापाला बाहेरून कान नसतात, जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते. पुंगी वाजवणाऱ्यानं पुंगी हलवली नाही तर आमचा नाग डोलत नाही, कारण खरा नागही सुरावर नाही, हलणाऱ्या पुंगीवर डोलतो. माझ्या सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.

कर्वेनगरची_आई:
ओढणीवालं केलं! आज ती कुत्री दिसली तर चार हात लांब थांबून मला म्हणते, "आई थांब, तिनं जांभई दिली." फक्त वटवाघळाचं तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं ही चूक झाली, मघापासून पडद्याच्या दांडीला लटकायचं चाललंय. पार्किंगवाल्या ताई, दांडी निघाली तर बिल तुम्हाला.