'थोडासा रूमानी हो जाएँ' : तुम्ही कधी, कोणाबरोबर पाहिलात?

जून अर्धा सरला तरी आभाळात काही नाही, पंखासुद्धा गरम वारा टाकतोय. अशा एखाद्या दुपारी मी दरवर्षी एकच सिनेमा लावते : अमोल पालेकरांचा १९९० चा 'थोडासा रूमानी हो जाएँ'. उन्हानं करपलेलं गाव, लग्न न जमलेली बिन्नी (अनिता कंवर) आणि पाऊस पाडून देतो म्हणत घरात घुसलेला नाना पाटेकर. नाव काय, तर धृष्टद्युम्न पद्मनाभ प्रजापती नीलकंठ धूमकेतू बारिशकर! पालेकर, पाटेकर, संगीताला भास्कर चंदावरकर, त्यात हा बारिशकर. याचं गाव कुठलं म्हणायचं? आमच्या घरी माझ्याशिवाय कोणी हा पाच मिनिटांवर बघत नाही. तुमचे अनुभव लिहा. शेवट मात्र फोडू नका.

*

तेव्हा माझे कांदेपोह्याचे कार्यक्रम चालू होते. 'मुलगी हुशार आहे हो' असा निरोप आला की नकार समजायचा. अशाच एका रविवारी शेजारच्या काकूंनी कॅसेट आणली. अनिता कंवर म्हणजे 'बुनियाद'मधली लाजोजी, म्हणून आईही बसली. बिन्नीला बघायला येणारे, घरच्यांची ती धडपड, तिचं ते कडवट हसणं... आमच्या दोघींचीही एकमेकींकडे बघायची हिंमत होईना. बारिशकर तिला सांगतो ना, तू सुंदर आहेस हे आधी तू मान, तिथे आई उठून स्वयंपाकघरात गेली. रात्री अंथरुणं घालताना एवढंच म्हणाली, 'पुढच्या वेळी तुला हवी ती साडी नेस.'

आयुष्य बदललं वगैरे काही नाही. पुढच्या दोन ठिकाणांहूनही नकारच आले. पण ते माझ्या जांभळ्या साडीला आले.

*

आम्हाला हा एमबीएला दाखवला होता, खरंच! विषय आत्मविश्वास. नंतर सरांनी विचारलं, बारिशकर नक्की काय विकतो? मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'हवामान खात्याचा अंदाज.' त्या विषयातलं बाकी काही आठवत नाही.

*

मला नाही झेपला, सॉरी. माणसं बोलता बोलता कवितेत शिरतात. अरे, साधं 'चहा घे' म्हणा की! नाना तर सतत अंगावर येतो. विक्रम गोखल्यांसाठी शेवटपर्यंत बसलो, तो माणूस गप्प राहून बरंच बोलतो.

*

वरच्या दादांना : कविता खटकली हे समजू शकतो, पण एकदा डोळे मिटून ऐका. चंदावरकर म्हणजे 'घाशीराम कोतवाल'चे संगीतकार. बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळू न देणं हा त्यांच्या हातचा मळ. आणि मुळात हे नाटकच, रिचर्ड नॅश यांचं १९५४ चं 'द रेनमेकर'. त्यावरचा १९५६ चा अमेरिकन सिनेमाही पाहिलाय, कॅथरिन हेपबर्न आणि बर्ट लँकेस्टरचा. चांगला आहे, पण मला आपला बारिशकरच जवळचा. आम्ही कॉलेजात एकांकिकेसाठी त्याचं स्वगत उचललं होतं. पहिल्याच फेरीत बाद!

*

+१. याचं शूटिंग पचमढीचं, म्हणून हट्टानं हनिमूनला तिथेच गेले. जुलै महिना. चार दिवस असा कोसळला की खोलीबाहेर पाऊल टाकता आलं नाही. नवऱ्यानं सिनेमा अजून पाहिलेला नाही, पण बारिशकरवर त्याचा राग आहे.

*

मी लातूरकडचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, त्याच उन्हाळ्यात पुण्यात रूमवर हा सिनेमा लावला आणि डोकं फिरलं. पाऊस ही काय थट्टेची गोष्ट आहे? अर्ध्यात बंद केला.

परवा गावी गेलो होतो. हा धागा वाचून टीव्हीवर पुन्हा लावला. अण्णा बाजेवर पडून होते, त्यांना हिंदी सिनेमाचं वावडं. ते लांबलचक नाव ऐकून उठून बसले. म्हणाले, 'बियाणंवाला दिसतोय.' जरा वेळानं विचारलं, 'पैसे आगाऊ घेतले का त्यानं?'

मी म्हटलं, बघा पुढं.

बाज टीव्हीजवळ ओढली. आई चुलीपाशी होती. बिन्नीचा एक प्रसंग चालू असताना तिला हाक मारली, 'अगं ए, ये हिकडं. ही पोरगी काय बोलायलीय बघ.'