वऱ्हाडी कोशात अकारविल्हे बिघडते: ळ, क्ष आणि अनुस्वार कुठे बसवायचे?

महालातले_मास्तर:
नमस्कार. नागपूरला महालात राहतो, मराठी शिकवून निवृत्त झालो. वऱ्हाडी शब्दांचा कोश फील्डवर्क्स या कोश बनवायच्या संगणक-प्रणालीत भरतो आहे. भाषा निवडताना मराठी न घेता ‘वऱ्हाडी-नागपुरी’ घेतली, कारण भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला स्वतःचा कोड आहे आणि तिची ओळख मला कोशात हवीच आहे.

पण नोंदींचा क्रम पटत नाही. ‘कळप’ हा ‘कवाड’च्या आधी येतो, ‘काळजी’ थेट ‘काल’च्या मागे. शाळेत आपण ‘स ह ळ क्ष ज्ञ’ असंच घोकून घेतलं, पोरं त्याच क्रमानं शोधणार. ‘कंदील’ही ‘कणीस’च्या खाली जाऊन बसतो. शिवाय ‘वऱ्हाड’ शोधलं की काही नोंदी सापडतात, काही नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हा कोश गावच्या शाळांत जावा अशी फार इच्छा आहे, म्हणून क्रम चुकलेला चालणार नाही.

सीताबर्डी_७:
सर, फॉरमॅट मेनूतून त्या भाषेची लेखनपद्धती उघडा. तिथे सॉर्टिंगचा टॅब आहे. ‘दुसऱ्या भाषेप्रमाणे’ हा पर्याय घेऊन मराठी निवडा. ळ, क्ष, ज्ञ तिन्ही ह नंतर जातील. बाकी काही करावं लागत नाही.

कोशवाली_ताई:
ते चालेल, पण सर, आधी एक गोष्ट पाहा. क्रमाचा नियम फक्त पहिल्या अक्षराला लागत नाही, शब्दात जिथे ते अक्षर येईल तिथे लागतो. ळ साठी तेच हवं: ‘कहर’नंतर ‘कळप’. पण क्ष ला वेगळं अक्षर मानलं की ‘पक्षी’ जातो ‘पळस’च्याही मागे, आणि ‘यज्ञ’ ‘यश’च्या मागे. ‘पक्व’च्या शेजारी पाहणाऱ्याला तो सापडणारच नाही. मराठीचा तयार क्रम घेतलात की हे आपोआप होतं.

मी स्वतःचा नियम लिहिते. त्याच टॅबमध्ये आयसीयू नियमांचा (अक्षरांचा क्रम संगणकाला सांगायच्या खुणांचा) पर्याय आहे. त्यात एवढंच:

& ॐ < ं << ँ < ः
& ह < ळ

एक < म्हणजे नवं अक्षर, दोन << म्हणजे त्याच अक्षराचा वेगळा अवतार. पहिल्या ओळीनं अनुस्वार अ च्याही आधी येतो, म्हणून ‘कंदील’, ‘कंबर’ हे ‘कडी’, ‘कणीस’च्या वर चढतात. नियम नसला तर क्रम लावताना अनुस्वार जवळजवळ नसल्यासारखाच धरतात. तुमचा कंदील ‘कदील’ म्हणून लागला होता. क्ष, ज्ञ मी मुद्दाम घातलेले नाहीत. ते क आणि ज मध्येच राहू द्या.

‘वऱ्हाड’चं कोडं वेगळं आहे. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर (इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे) आणि हलन्त टंकतं, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देतं. दिसायला एक, आत दोन. क्रमात ते जवळजवळच येतात, शोधात मात्र वेगळे. बॅकअप घ्या आणि बल्क एडिटमधल्या बल्क रिप्लेसनं (एकदम सगळ्या नोंदी बदलायची सोय) सगळीकडे ऱ आणि हलन्त करून टाका. पुढे टंकणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

सीताबर्डी_७:
ताई, तुमचा पक्षी-पळसाचा मुद्दा बरोबर. पण शाळेतलं पोरगं ‘क्षण’ शेवटीच शोधेल ना? 2009च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही क्ष, ज्ञ शेवटीच आहेत.

कोशवाली_ताई:
हो, म्हणून छापताना ळ विभागानंतर दोन ओळी टाकायच्या: ‘क्ष: क मध्ये पाहा’, ‘ज्ञ: ज मध्ये पाहा’. वऱ्हाडीत अशा शब्दांची गर्दी नाही, पानं वाढणार नाहीत. खरी गर्दी ळ ची आहे सर. डोळा आपल्याकडे ‘डोया’ होतो. शीर्षशब्द ‘डोया’ ठेवा आणि ‘डोळा’ त्याचा पर्यायी रूप म्हणून जोडा, दोन्ही जागी दिसेल.

महालातले_मास्तर:
ताई, दोन ओळी टाकल्या आणि कंदील वर आला, कळप कहरच्या खाली गेला. मन भरून आलं. क्ष बद्दल तुमचंच ऐकतो, सूचनेच्या दोन ओळी घालतो. ऱ चं काम उद्या बॅकअप घेऊन करतो. डोया आणि डोळा दोन्ही ठेवायचे हे तर फारच आवडलं. घरात आम्ही डोयाच म्हणतो.