पाणंदी आणि कॅनॉलची पट्टी जोडून सायकलवाट करायची आहे, मदत हवी

मंडळी,

पलूस तालुक्यातल्या (जि. सांगली) आमच्या चार-पाच गावांना जोडणारी सायकलची आणि चालायची वाट करायचं घाटतंय. पर्यटनासाठी नाही. शाळेची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बायका आणि पहाटे डेअरीला दूध घालणारे, यांच्यासाठी. कारखाने सुरू झाले की पार मार्चपर्यंत डांबरी रस्ता उसाचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, गाणी मात्र फुल्ल. वळणावर मागची ट्रॉली झोल खाते तेव्हा शेजारून आठवीतली मुलगी सायकल दामटत असते. बघवत नाही.

नवीन जमीन कोणाचीच घ्यायची नाही. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला ब्रिटिशकालीन कृष्णा कालवा तालुक्यातून जातो. त्याच्या कडेचा सेवारस्ता मुख्य धरायचा आणि गावांकडे उतरणाऱ्या जुन्या पाणंदी (शेतांमधून जाणाऱ्या वाटा) त्याला जोडायच्या.

भूमी अभिलेखमधून गावनकाशे काढलेत. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. कागदावर वाट जवळपास सलग आहे. जागेवर एका गाडीमार्गात सायकलचं हँडल दोन्ही बाजूंच्या उसाला घासतं. दरसाल नांगरट करताना एक-एक सरी पुढे, दुसरं काय. ज्यांनी रेटलंय ते भावकीतलेच, त्यामुळे पोलीस बंदोबस्त वगैरे सल्ले नकोत.

कायद्याचं जेवढं वाचलं त्यात एक अडचण दिसते. जमीन महसूल संहितेचं (१९६६) कलम १४३ आहे ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून रस्ता देण्यासाठी. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वहिवाट खुली करून मिळते, पण तिथेही सहा महिन्यांची मुदत आणि अर्जदार बहुधा शेतकरीच. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या वतीने तहसीलदारांकडे नेमका कोणी आणि कशाखाली अर्ज करायचा? ग्रामसभेचा ठराव पुरतो का?

खरा पेच मात्र पुढेच आहे. पाणंद मोकळी करायला शेतकरी तयार होतात ते एका अटीवर: खडी टाका, आमची ट्रॉली निघाली पाहिजे. त्यांचंही चूक नाही, गाडी फडापर्यंत जात नसेल तर तोडणीवाले जादा पैसे मागतात. शेजारच्या गावात २०२१ च्या मातोश्री पाणंद योजनेतून खडीकरण झालं, रस्ता झकास झाला. पण आता तिथूनच ट्रॅक्टर धावतात, म्हणजे ज्यांच्यापासून पोरांना वाचवायचं तेच त्या वाटेवर. खडी टाकायची नाही म्हटलं तर पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. पोरं काटकीने उकरत बसतात आणि शेवटी सायकल खांद्यावर घेतात.

मला वाटतं ट्रॅक्टर पूर्ण बंद करणं ना शक्य आहे ना योग्य. एकवीस फूट खरंच मोकळे झाले तर एका कडेला सहा फूट मुरमाचा उंच पट्टा करून मध्ये चर ठेवता येईल. हे कोणी करून बघितलंय का? पहिल्या पावसात चर बुजला की टिकला? मुरमावर रोलर फिरवून भागतं, का खाली सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) लागतंच? (पेव्हर ब्लॉक सुचवू नका. आमच्याकडे निधी आला की स्मशानापासून पारापर्यंत तेच बसतात.)

कालव्याच्या पट्टीवर खांब रोवून ट्रॅक्टर अडवता येतील, पण गाळ काढायला पोकलेन येतो तो जाणार कुठून? काढता-घालता येणारे खांब आणि किल्ली कालवा चौकीदाराकडे, असं काही कोणाच्या गावात चालतंय का? आणि पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी कोणी मिळवली असेल तर अर्ज कोणत्या पातळीवर दिला? मी विचारलं तिथे तोंडी "जावा की, कोण अडवतंय" एवढंच उत्तर मिळालं. पण उद्या पोर कालव्यात पडलं तर जबाबदारी कोणाची, यावर गाडी अडते.

ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा किंवा केलेल्या कामाचे फोटो असतील तर इथेच टाका, व्यनि (खाजगी निरोप) नको. पावसाळ्यातले फोटो असतील तर फारच बरं.