शब्दचर्चा : 'बुडीत' कशाला म्हणावे?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अहवालात काही सभासदांची अनेक वर्षांची देखभाल वर्गणी 'बुडीत येणे' या शीर्षाखाली दाखवली गेली आणि हा शब्द तेथे योग्य आहे का, असा प्रश्न निघाला. जे नष्ट झाले ते बुडीत, असे काहींचे म्हणणे आहे. जे परत मिळणार नाही ते बुडीत, असे इतरांचे. मला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो, पण तोही पुरेसा नाही.

फुटलेली बरणी निकामी होते, न सापडणारी फाईल गहाळ होते, बरा न होणारा आजार असाध्य ठरतो; यांपैकी कशालाही आपण बुडीत म्हणत नाही. व्यवहारात एखादी गोष्ट बुडीत होण्यासाठी आधी तिच्यावर कोणाचा तरी हक्क असावा लागतो आणि ती हाती येण्याची आशा त्या हक्कदाराने सोडलेली असावी लागते. मूळ गोष्ट कोठेतरी शाबूत असूही शकते.

बँकांच्या व्यवहारात ही छटा स्पष्ट दिसते. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की ते कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतरचे १२ महिने ते दुय्यम, मग संशयित, आणि वसुलीची शक्यता जवळपास संपली असे ठरल्यावरच बुडीत मानले जाते. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या ताळेबंदात 'संशयित व बुडीत कर्ज निधी' असे शीर्ष असते, त्यातही संशय आणि बुडणे ही दोन पदे मुद्दाम वेगळी ठेवलेली आहेत. कर्जाचे निर्लेखन झाले, म्हणजे ते हिशेबातून काढले गेले, तरी कर्जदाराची जबाबदारी संपत नाही आणि वसुली सुरू ठेवता येते. त्यामुळे निर्लेखित म्हणजे माफ, हा समज चुकीचा आहे.

हे लक्षात घेतले तर गृहनिर्माण संस्थेने 'थकीत' लिहायला हवे होते. सभासद आहे, त्याची सदनिका जागेवर आहे, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये अशा थकबाकीच्या वसुलीची तरतूदही आहे. हे सगळे हाताशी असताना 'बुडीत' लिहिणे म्हणजे प्रयत्न करण्याआधीच हक्क सोडल्याची कबुली देणे होय. शिवाय या शब्दात कर्ता दिसत नाही. 'बुडवले' म्हटले की कोणी बुडवले हे सांगावे लागते, आणि 'कर्जबुडव्या' म्हटले की माणूसच समोर उभा राहतो. 'बुडीत' म्हटल्यावर मात्र पैसे जणू आपोआप तळाला गेले असे वाटते. अहवाल लिहिणाऱ्यांना ही सोय आवडत असावी, पण ती सभासदांच्या हिताची नाही.

ठाणे जिल्ह्यात या शब्दाचा आणखी एक, अगदी शब्दशः वापर आहे. मुरबाड तालुक्यातील बारवी धरणाची उंची वाढवली गेली तेव्हा नव्याने पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी 'बुडीत क्षेत्र' हाच शब्द कागदोपत्री आणि गावकऱ्यांच्या तोंडी होता. येथे जमीन नष्ट झालेली नसते. अनेक धरणांत उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर जमीन म्हणतात आणि तिच्यावर पीकही घेतले जाते. तरीही ज्याचे घर आणि शेत गेले त्याच्या दृष्टीने ते बुडीतच, कारण त्यावरचा त्याचा हक्क परत येत नाही.

सरकारी योजनांतील 'बुडीत मजुरी' हा प्रयोग मला विशेष नेमका वाटतो. कुपोषित बालकाला घेऊन आई रुग्णालयात राहते तेव्हा तिचे कामाचे दिवस जातात. ती मजुरी कोणाकडे थकलेली नसते, कोणी ती बुडवलेलीही नसते, मात्र ती मिळवण्याची संधी कायमची गेलेली असते.

'मोडीत काढणे' हा प्रयोग अर्थाने जवळचा वाटला तरी त्याची घडण निराळी आहे. तेथे 'मोड' या नामाला सप्तमीचा प्रत्यय लागला आहे, आणि मोडीत दिलेल्या पितळी हंड्याचे वजनावर पैसे मिळतात. बुडिताचे काहीच मिळत नाही.

लेखनाविषयी एवढेच, की मूळ शब्दात 'डी' दीर्घ लिहावी आणि सामान्यरूपात ती ऱ्हस्व करावी : बुडीत कर्ज, पण 'पैसे बुडितात गेले'.